पंप घरघरतो, पण कॉफी उतरत नाही: सांगलीच्या पाण्यातली आणि कोकणच्या हवेतली कॉफी मशीन

लक्षणं अशी असतात. बटण दाबलं की दिवा लागतो, पंप घरघरतो, पण हँडलखालचा कप कोरडाच राहतो. किंवा कॉफी येते ती थेंबथेंब, काळीकुट्ट आणि कडू. किंवा पहिला कप व्यवस्थित येतो आणि दुसऱ्याच्या वेळी नुसती वाफ फुसफुसते. काही घरांत कॉफी भरपूर येते, पण कोमट. वाफेच्या नळीचा जोर गेलेला असतो, दूध तापता तापत नाही. आणि पावसाळ्यातली खास तक्रार म्हणजे मशीनचं बटण दाबताक्षणी घराची मेन पडते.

सांगली-मिरजेत माझ्याकडे येणाऱ्या घरगुती एस्प्रेसो मशिनींची रड बहुतेक वेळा यांतलीच असते. 'पंप गेलाय, तेवढा बदलून द्या' हे निदान लोक सोबतच घेऊन येतात. खरं तर पंप हा या मशीनमधला सगळ्यात चिवट भाग. इथलं कोणी नोकरीला रत्नागिरीत असतं, कुणाचं सासर देवगड-मालवणला, कुणी गुहागरकडे होमस्टे काढलेला. त्यांच्याही मशिनी घाट चढून इकडे येतात. तक्रार तीच, कारण मात्र साफ वेगळं. सांगलीची मशीन आतून मरते, कोकणातली बाहेरून. म्हणून मॉडेल कुठलं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मशीन कुठल्या गावात आणि कुठल्या पाण्यावर चालली.

खालचा क्रम फुकटापासून खर्चाकडे जातो. तो मोडू नका. झाकण उघडायची वेळ आलीच, तर ती शेवटी येते.

प्लग आणि व्होल्टेज

घरगुती मशीन साधारण १००० ते १४५० वॅटची असते. १४५० वॅटची मशीन २३० व्होल्टला सहा अँपिअरपेक्षा जास्त ओढते, म्हणजे साध्या छोट्या सॉकेटची ताकद तिथंच संपली. तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. मल्टिप्लगच्या पट्टीवर मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि मशीन एकत्र लावली असेल तर ती पट्टी आधी हात लावून बघा. गरम लागली तर दोष मशीनचा नाही.

वाळवा, पलूस, तासगावकडच्या मळ्यातल्या घरांनी मीटर लावून व्होल्टेज बघावंच. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर उष्णता जेमतेम ६१ टक्के उरते, आणि पंपाचा दाबही पडतो. शेतीपंप सुरू असतानाच कॉफी कोमट येत असेल तर मशीन दुकानात आणून काही उपयोग नाही. घरचा साधा इन्व्हर्टर हे ओझं उचलत नाही. त्यावर चालवून बघूही नका.

टाकी

टाकी काढा, पुन्हा खटकन बसवा. टाकीच्या बुडाला स्प्रिंगची छोटी झडप असते. टाकी नीट बसली तरच ती उघडते. पुष्कळ मशिनींत टाकीत चुंबक असलेला तरंगता फ्लोट असतो, तो पाणी आहे की नाही ते मशीनला कळवतो. त्यावर शेवाळ किंवा क्षार धरले की तो अडकतो, आणि भरलेली टाकीही मशीनला रिकामी दिसते. बोटानं वरखाली करून बघा, जुन्या दातघासणीनं घासा.

टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत मशीन चालवली असेल तर पंपात हवा अडकते. हवा धरलेला पंप पाणी ओढत नाही, नुसता बडबडतो. टाकी काठोकाठ भरा, वाफेच्या नळीचा नॉब पूर्ण उघडा, नळीखाली भांडं ठेवा आणि पंप वीस-तीस सेकंद चालवा. मिनिटभर थांबा, पुन्हा चालवा. थांबायचं अशासाठी की या पंपाला थंड ठेवणारं पाणी त्याच्या पोटातूनच जातं. कोरडा चालला की तो तापतो. दोन-तीन वेळा करूनही पाणी आलं नाही, तर मेडिकलमधून बिनसुईची मोठी सिरिंज आणा, टाकी काढा, आणि जिथं टाकीची झडप बसते त्या भोकात सिरिंजनं पाणी दाबून भरा. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या मशिनी एवढ्यावर सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पावडर न घालता चालवा

सगळ्या तपासण्यांमधली ही सगळ्यात मोलाची, आणि ती कोणीच करत नाही. हँडल काढून ठेवा. पावडर नाही, जाळी नाही. खाली भांडं धरून बटण दाबा.

पाणी सरळ, भरघोस पडलं तर मशीन ठणठणीत आहे. दोष पावडरीत किंवा हँडलच्या जाळीत. पाणी तरीही थेंबथेंबच आलं तर अडथळा मशीनच्या आत. या एका मिनिटात अर्धी तपासणी मिटते. माझा ठोकताळा असा: तीस सेकंदांत चहाचा एक कप तरी भरला पाहिजे.

आता पावडरीबद्दल, कारण इथंच गाडी अडते. आपल्याकडे दुकानात 'फिल्टर कॉफी' म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा चिकोरी असते. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. पितळी फिल्टरमध्ये हे मिश्रण फक्कड लागतं. एस्प्रेसोच्या जाळीत मात्र चिकोरी पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि वाट बंद करते. बिनचिकोरीची कॉफी घ्या, दळण बारीक रव्याच्या आसपास ठेवा. एका कपाच्या जाळीत सात ते नऊ ग्रॅम, दोन कपांच्या जाळीत चौदा ते अठरा. हँडल लावताना जोर लागत असेल तर पावडर जास्त झाली आहे. आणि इन्स्टंट कॉफी मशीनच्या हँडलमध्ये घालू नका. ती विरघळून सुकते आणि जाळीवर लुकणासारखी बसते. 'पाहुण्यांनी घातली' असं सगळे सांगतात.

स्वस्त मशिनींच्या जाळीला दुहेरी तळ असतो, आणि खालच्या तळाला एकच बारीक भोक. उजेडासमोर धरा. ठिपक्याएवढा उजेड दिसला नाही तर ते भोक बंद आहे. कढत पाण्यात अर्धा तास भिजत घाला, मग बारीक टाचणीनं मोकळं करा.

हँडल जिथं बसतं तिथं वर आणखी एक जाळी असते, मधोमध स्क्रू असलेली. तो काढला की मागे काळा, तेलकट थर दिसतो. कॉफीचं तेल शिळं झालं की त्याचा खवट वास प्रत्येक कपाला येतो. जाळी भांड्याच्या साबणानं घासा. काळं रबरी गॅस्केट कडक झालं असेल, बोटानं दाबून दबत नसेल, तर बदला. हँडलच्या काठावरून पाणी झिरपणं म्हणजे हेच.

वाफेच्या नळीचं टोकही याच वेळी बघा. म्हशीच्या दुधाची साय त्या भोकात सुकली की ती नुसत्या पाण्यानं निघत नाही. टोक फिरवून काढा, भिजवा, सुईनं मोकळं करा. दूध तापवल्यावर लगेच नळी पुसून क्षणभर वाफ सोडायची सवय लावली तर ही वेळ येत नाही. दूध तापवल्यानंतर लगेच कॉफी काढायला गेलात तर आतली नळी इतकी तापलेली असते की पाण्याची वाफ होते. 'दुसऱ्या कपाला नुसती फुसफुस' ही तक्रार इथली. मधे थोडं पाणी सोडून द्या, काम झालं.

पंपाचा आवाज ऐका

पावडर नसतानाही पाणी येत नसेल तर कान द्या. आवाज मोठा, मोकळा, खडखडाटी असेल तर पंप हवा ओढतोय, परत टाकीकडे जा. आवाज दबका, जड, कण्हल्यासारखा असेल तर पंपापर्यंत पाणी पोचतंय पण पुढं जायला वाट नाही, क्षारांकडे वळा. अजिबात आवाज नसेल तरच पंपावर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या. पंप बदलायचा निर्णय मी या तिसऱ्या बाबतीत घेतो, तोही मीटर लावून.

क्षार

सांगली जिल्ह्याखाली काळा बेसॉल्ट आहे, आणि त्यातून उपसलेलं बोअरचं पाणी जड. नदीकाठची कितीतरी शेतं क्षारपड झालेली आपण बघतोच. कृष्णेचं नळाचं पाणी त्या मानानं सौम्य. उन्हाळ्यात मात्र पुष्कळ सोसायट्यांच्या टाकीत दोन्ही एकत्र होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, एकूण कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. ती मर्यादा माणसाच्या पोटासाठी. २०० वर पिणाऱ्याला काही होत नाही, पण मशीनमधली काही मिलिमीटरची नळी हळूहळू बुजते. पाणी तापलं की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो. तो थर उष्णता अडवतो, म्हणून आधी कॉफी कोमट होते. प्रवाह त्यानंतर बारीक होतो. कोमट कॉफी हा पहिला इशारा आहे, पण तेव्हा कोणी लक्ष देत नाही.

पाणी जड आहे का ते बघायला टीडीएस मीटर पुरेसा नाही. तो सगळे विरघळलेले पदार्थ एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही. त्यासाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. घरचा पुरावा हवा असेल तर गीझरची कॉइल किंवा चहाच्या पातेल्याचा तळ बघा.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, पुरतं. एक लिटर साध्या पाण्यात २० ग्रॅम, साधारण चार सपाट चमचे, पूर्ण विरघळवा. पाणी उकळतं घेऊ नका. गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो आणि एक घाण काढताना दुसरी बसते. वरची जाळी काढून ठेवा. पहिली अर्धी टाकी वाफेच्या नळीतून, गरम पाण्याच्या बटणावर सोडा. तो मार्ग रुंद असतो, सुटलेल्या खपल्या तिथून निघून जातात. उलट केलंत तर खपली आतल्या बारीक झडपेत अडकते आणि थेंबथेंब येणारी मशीन पूर्ण बंद पडते. कपभर सोडा, मशीन बंद करून दहा मिनिटं थांबा, पुन्हा कपभर. उरलेली अर्धी टाकी कॉफीच्या बाजूनं. शेवटी साध्या पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या.

पुष्कळ घरगुती मशिनींत पाणी तापवणारा ठोकळा ॲल्युमिनियमचा असतो, आणि आम्ल त्यालाही खातं. म्हणून द्रावण रात्रभर आत ठेवू नका. बाहेर येणारं पाणी निळसर-हिरवट झालं तर तांबं-पितळ विरघळू लागलंय. लगेच थांबा आणि धुवून काढा. व्हिनेगरचा वास आठवडाभर जात नाही. बाथरूम धुवायचं ॲसिड तर घालूच नका. ते घालून आणलेल्या मशिनीत दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

बोअरच्या पाण्यावर महिन्यातून एकदा, नळाच्या पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी हे करावं. मशीनवरचा क्षारांचा दिवा फार मनावर घेऊ नका. तो बहुतेक मशिनींत किती पाणी गेलं ते मोजतो, थर किती बसला ते नाही. निव्वळ आरओचं पाणी वापरायचा सल्ला मी देत नाही. कॉफी पांचट होते, आणि अगदी कमी क्षारांचं पाणी धातूलाही फार चांगलं नाही. अर्धं आरओ, अर्धं नळाचं, हे आपल्याकडे जमतं.

मशीन समुद्राकाठी असेल तर

इथं वरचा सल्ला उलटा होतो. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं. तिथं क्षार धरत नाहीत, आणि सांगलीच्या सवयीनं दर महिन्याला लिंबूफूल फिरवलं तर थराऐवजी ॲल्युमिनियमच झिजतं. खाडीजवळची विहीर मचूळ लागत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललासुद्धा टाचणीएवढे खड्डे पाडतं, आणि ते कुठल्याही आम्लानं भरून येत नाहीत. तिथं आरओचंच पाणी मिसळून वापरा.

खरा शत्रू हवेतलं मीठ. खाऱ्या वाऱ्यातले बारीक कण मशीनच्या हवेच्या झरोक्यांतून, फटींतून आत जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ ओलावा ओढून पाझरतं, आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. कोकणात जून ते सप्टेंबर हीच स्थिती. वायरींच्या टोकांची थिंबलं हिरवी पडतात, बटणांचे संपर्क काळे होतात, तळाचा पत्रा आणि स्क्रू गंजतात. लक्षण ओळखायला सोपं: सकाळी बटण घेत नाही, दुपारी हवा कोरडी झाली की मशीन आपोआप सुधारते. किंवा कोणी हात न लावता दिवे लुकलुकतात.

उपाय साधे आहेत. समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून मशीन हलवा. बाहेरून गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरडी करा. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आतली दमट हवा तिथंच कोंडते; सुती कापड बरं. रोज वापरलेली मशीन जास्त टिकते, कारण रोजची उष्णता ओलावा हाकलते. घर गणपतीनंतर दिवाळीपर्यंत बंद राहणार असेल तर टाकी, खालची ट्रे, नळी सगळं रिकामं करून मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवा. पावडर तर तिथं उघडी ठेवूच नये. दमट पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि आपण परत थेंबथेंबवर येतो.

मेन पडण्याचं कारणही बहुधा ओलावाच. हीटरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. मशीन महिनोन्‌महिने पडून राहिली की ती दमट होते, करंट बॉडीकडे झिरपतो आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की घराची वीज तोडणारा स्विच, पडतो. मशीन प्लग काढून दोन-चार दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग एकदा लावून बघा. एकदाच.

झाकण उघडायचंच असेल तर

वॉरंटी संपली आहे, मल्टिमीटर वापरता येतो आणि मशीन पूर्ण थंड आहे, या तिन्ही गोष्टी असतील तरच. प्लग हातात दिसला पाहिजे; स्विच बंद केलाय एवढ्यावर भागत नाही. आत काही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हिरवी थिंबलं कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, सैल असतील तर बदला. पाणी तापतच नसेल तर हीटरचा रोध मोजा: १०५० वॅटच्या मशीनला साधारण ५० ओहम, १४५० वॅटला ३६-३७. तो बरोबर आला तर बहुधा थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन फार तापली की वीज तोडणारा फ्यूज, उडालेला असतो. फ्यूज त्याच अंशांचा घ्या आणि दाबून बसवा, डाग देऊ नका. सोल्डरच्या उष्णतेनंच तो उडतो. आणि तो का उडाला ते शोधा. बहुधा क्षारांमुळे किंवा कोरड्या चालवण्यामुळे.

फ्यूजच्या जागी सरळ वायर जोडून 'चालू करून दिलेल्या' मशिनी माझ्याकडे येतात. अशी मशीन पुन्हा लावू नका, कॉफी कितीही चांगली येत असली तरी.

इथं थांबा, माणूस बोलवा

ईएलसीबी दुसऱ्यांदा पडला. जळका वास आला. खालच्या ट्रेमध्ये नाही, तर मशीनच्या बुडातून ओट्यावर पाणी आलं. अंगाला झिणझिण्या आल्या. यात तर आधी घराचं अर्थिंग तपासा. वाफेच्या बाजूनं आतून शिट्टी वाजते. आतलं पाणी आणि वाफ १२० अंशांच्या वर असते, म्हणून बॉयलरवाली मशीन घरी सोडवू नका. ओलावा किती झिरपतोय ते साध्या मल्टिमीटरवर नीट कळत नाही, त्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लागतो. तो दुरुस्तीवाल्याकडे असतो. ईएलसीबी काढून किंवा अर्थ तोडून मशीन चालवणं हा उपाय नाही, कोणी सुचवला तरी.

आणि पुरात बुडालेली मशीन. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी फ्रिजबरोबर हिलाही वर न्यावं. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर वाळवून आणलेल्या मशिनींत गाळ पंपाच्या आतपर्यंत होता, आणि त्या पाण्यात गावाची गटारं मिसळलेली होती. विजेचा भाग बदलता येईल, पण पिण्याच्या नळ्या विश्वासानं स्वच्छ होत नाहीत. अशी मशीन भंगारात.

दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर मी स्वतःच नको म्हणतो. दुरुस्तीला आणताना चार गोष्टी सांगा: पाणी कुठलं, मशीन किती दिवस पडून होती, शेवटचं लिंबूफूल कधी फिरवलं, आणि बिनपावडरीचं पाणी येतं का. टाकी, हँडल आणि जाळी सोबत आणा. बहुतेक लोक टाकी घरीच विसरतात, आणि टाकीशिवाय मशीन सुरूच होत नाही.